एकशे एकोणऐंशी डावे पाय

तिच्या टेबलाचा रंग कोणता, हे कारखान्यात कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. काउंटरवर टोकन देणाऱ्या बाई म्हणत, तपकिरी. चामडं कापणारे काका म्हणत, हिरवट, मी स्वतः पाहिलाय, पण त्याला आता वीस वर्षं झाली. तिला विचारलं तर ती म्हणे, "असेल काहीतरी. तिथपर्यंत पोचले की सांगते." आणि पुन्हा कागदांत डोकं खुपसे.

सगळे तिला पसाराताई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही खुशाल ओ देई.

कारखाना म्हणजे तरी काय, तीन खोल्या. पुढे काउंटर आणि दोन बाकडी, मधे मोठी खोली, मागे काकांचं कापणं-शिवणं. इथे लहान मुलांचे बूट होत, पण कुठल्याही मुलांचे नाहीत. ज्यांचा एक पाय दुसऱ्यासारखा नाही, त्यांचेच. कुणाचा डावा उजव्याहून दोन बोटं आखूड, कुणाची टाच आत वळलेली, कुणाचा तळवा जमिनीला टेकायलाच तयार नाही. दुकानातली जोडी अशा मुलांच्या काही कामाची नसते. तिच्यातला एक बूट नेहमी दुसऱ्याच कुणाचा तरी असतो.

मधल्या खोलीत खिडकीपाशी पसाराताईचं टेबल. मुलांच्या पायांची मापं घेणं हे तिचं काम. मूल आलं की त्याच्या एका पायाखाली कागद सरकवायचा आणि मऊ पेन्सिल उभी धरून पायाभोवती फिरवायची. पोराला गुदगुल्या होतात, ते खिदळतं, रेघ हलते, की पुन्हा पहिल्यापासून. मग दुसरा पाय, दुसरा कागद. दोन्ही कागद शेजारी ठेवून, कडा बोटभर एकमेकींवर चढवून, मधे एक टाचणी मारायची. झाली जोडी. चार महिन्यांनी मूल वाढून परत येतं. तेव्हा टाचणी काढायची, जुन्या रेघेबाहेर नवी रेघ ओढायची, पुन्हा टाचणी मारायची. दोन रेघांमधली फट बघून तिला कळे, याच्या बुटात अंगठ्यापुढे किती जागा सोडायची.

मुलाचं नाव उजव्या कागदावर लिहायचं. डाव्यावर नाही. काकांनी तिला काम शिकवलं तेव्हा असंच शिकवलं होतं. तिने विचारलं होतं, डाव्यावर का नाही? तर काका म्हणाले होते, "एका जोडप्याच्या दारावर दोन पाट्या लावतात का?" तिला हसू आलं होतं, आणि विषय तिथेच संपला होता.

आता या जोडीची घडी घातली तर पेन्सिल घासून रेघ पुसते. भोकं पाडली तर टाच फाटते. आणि दोन कागदांच्या रुंदीची फाइल बाजारात मिळत नाही. म्हणून जोड्या टेबलावर उघड्या पडलेल्या असत, एकीवर एक, काठावरून खाली लोंबणाऱ्या. लवकर येणारी मुलं खिडकीच्या बाजूला, उशिरा येणारी भिंतीकडे. त्यात तिची अशी एक पद्धत होती.

पण खरं सांगायचं तर सगळाच पसारा काही पद्धतीचा नव्हता. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यापासून तो तिच्या हाताबाहेर गेला होता. ती नव्हती तेव्हा आलेली पत्रं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चामड्याचे तुकडे, एक लाळेरं, एक खुळखुळा, जो कागद उचलताना वाजे आणि सगळ्यांना दचकवे. तीन दिवस कात्री सापडत नव्हती आणि शेवटी ती बिस्किटांच्या डब्यात निघाली. चहाचा कप ठेवायला जागा म्हणून नव्हती, तो ती मुलांच्या पायांवरच ठेवी.

अशात नवे साहेब आले. आधी ते कुठल्याशा मोठ्या गोदामाचा कारभार बघत. उंच, सडसडीत, आणि शर्टाच्या खिशात कायम एक लोखंडी फूटपट्टी. काकांनी पहिल्याच दिवशी बारसं उरकलं, आणि तेव्हापासून ते पाठीमागे फूटपट्टीसाहेब झाले.

सोमवारी सकाळी फूटपट्टीसाहेब तिच्या टेबलासमोर उभे राहिले.

"हे काय आहे?"

"टेबल आहे, साहेब."

"ते मला दिसत नाहीये."

आतून काकांचं खोकणं ऐकू आलं. ते हसू दाबण्याचं खोकणं होतं.

"शनिवारी पाहणी आहे," साहेब म्हणाले. "सगळ्यांची टेबलं मोकळी हवीत. टेबल मोकळं तर डोकं मोकळं. ज्यांना जमणार नाही, त्यांना मी सोपं काम देईन. तुम्हाला काउंटरवर बसवता येईल, टोकनं लिहायला. मापं घ्यायला दुसरं माणूस बघू."

"मापं मीच घेते, साहेब. नऊ वर्षं."

"मग नऊ वर्षांचं आवरा. पाच दिवस आहेत."

ते गेले. पसाराताई आपल्या टेबलाकडे बघत बसली. टोकनं! तिच्या हाताखालून गेलेल्या एकेका पोराचा पाय तिला डोळे मिटून ओळखता आला असता, आणि आता तिने चौकोनी चिठ्ठ्यांवर आकडे घालत बसायचं? तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पण पाठोपाठ ती धास्तावलीही, कारण कागद आवरणं या एका गोष्टीत आपण अगदी ढ आहोत, हे तिला शाळेच्या दप्तरापासून ठाऊक होतं.

तिने प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. मंगळवारी तिने तीन ट्रे आणले: आज, उद्या, नंतर. दुपारपर्यंत "नंतर" ओसंडून "उद्या"वर कोसळला. बुधवारी नवऱ्याने खोके आणून दिले, वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या डकवून. त्यातल्या दोन चिठ्ठ्या घरी तिच्या लेकीने, चिमणीने, चावून टाकल्या आणि खोक्यात काय आहे ते खोक्यालाच माहीत राहिलं. गुरुवारी ती निश्चय करून बसली की आज एकही कागद वाचायचा नाही, नुसता उचलायचा आणि ठेवायचा. पहिलीच जोडी हातात आली ती एका मुलाची, ज्याचं पहिलं माप दोन वर्षांचा असताना घेतलं होतं. सहा रेघा, एकीबाहेर एक. ती बघतच राहिली. भानावर आली तेव्हा चहा निवला होता आणि टेबल तसंच्या तसं होतं.

"आई, मला हे जमतच नाही हो," घरी येऊन तिने सासूबाईंसमोर हात टेकले. चिमणी अकरा महिन्यांची, सासूबाईंच्या गुडघ्याला धरून उभी राहायच्या खटपटीत होती.

"काय जमत नाही?"

"आवरणं."

"नाहीच जमत तुला," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या फडताळातला एकेक डबा सैनिकासारखा रांगेत असे. "तुझ्या कपाटाचं दार उघडताना मी बाजूला उभी राहते. पण तुझा तो साहेब तरी भारीच. दुसऱ्याच्या कामाच्या जागेला नावं ठेवतो म्हणजे काय? माझ्या फडताळाला हात लावून बघ म्हणावं एकदा."

"तुमचं फडताळ आवरलेलं असतं."

"आवरलेलं असो नाहीतर विस्कटलेलं. हात माझा."

चिमणी तेवढ्यात गुडघा सोडून उभी राहिली, एक क्षण, दोन क्षण, आणि धप्पकन बसली. मग आपण काय केलं हे दोघींना कळलंय ना, अशा नजरेने बघू लागली. पसाराताईने तिला उचलून तिच्या मानेत नाक खुपसलं. तेवढ्यापुरतं टेबल, ट्रे, टोकनं, सगळं जगाच्या पाठीवरून गेलं.

शुक्रवारी बडबडी आली. सहा वर्षांची मुलगी, डावा पाय उजव्याहून लहान आणि टाचेशी वळलेला. तिच्या बुटाचा तळ उकलला होता आणि तिचे बाबा तिला पाठीवर घेऊन आले होते.

"मी शाळेतपण अशीच जाते आता," बडबडी बाकड्यावर बसल्या बसल्या सुरू झाली. "पोरं म्हणतात, बाळ आलं, बाळ आलं. मी काय बाळ आहे? तूच सांग मावशी. माझे दोन दात पडलेत!"

"दोन दात पडलेलं बाळ कुणी पाहिलंय!" पसाराताई म्हणाली. "गुरुवारी ये. बूट घालूनच जा."

"नक्की?"

"नक्की."

तिने माप घेतलं. पण डाव्या कागदावर टाचेची रेघ पुसट आली होती. ती निवांतपणे ठळक करायची होती, आणि निवांतपणा कारखान्यात कुठला? शनिवारी चिमणीला लस टोचायला न्यायचं होतं म्हणून तिने रजा टाकली होती. तिने त्या जोडीची टाचणी काढली, डावा कागद बाळाच्या पिशवीत सरळ सरकवला आणि निघाली. शनिवारची पाहणी तिच्यावाचून होणार होती. ती स्वतःला म्हणाली, होऊ दे. बघू काय करतात ते.

सोमवारी ती मधल्या खोलीत शिरली आणि दारातच थबकली.

टेबल हिरवट होतं.

अगदी रिकामं, पुसलेलं, उन्हात चकाकणारं. वर फक्त दोन जाडजूड फायली, एक निळी, एक लाल, आणि एक छोटी काचेची बाटली. मागे फूटपट्टीसाहेब उभे होते, शनिवारभर खपलेल्या माणसाच्या चेहऱ्याने.

"तुम्ही नव्हता," ते म्हणाले. "म्हटलं, घरी लहान मूल आहे, मदत करावी. काउंटरच्या बाईंना घेतलं आणि मीच आवरून टाकलं. निळ्या फाइलीत डावे पाय. लाल फाइलीत उजवे. लहान आकार वर, मोठा खाली. आणि बाटलीत टाचण्या. एकही वाया जाऊ दिली नाही."

काउंटरच्या बाई दारात येऊन पदराशी चाळा करत होत्या. "मी म्हटलं होतं यांना, ताईंना विचारा," त्या पुटपुटल्या.

"काका," तिने हाक मारली. "काका, बाहेर या."

काका आले. त्यांनी निळी फाइल उघडली. लाल फाइल उघडली. बाटलीकडे पाहिलं. मग ते तिच्या खुर्चीवर बसले.

"डाव्यांवर नाव नसतं, साहेब," ते म्हणाले.

साहेबांचा चेहरा जरा उतरला, पण जराच. "मग आकारावरून लावता येतील. म्हणूनच मी आकाराने..."

"आकार जुळत असता तर ही पोरं इथे कशाला आली असती? बाजारात गेली असती ना बूट घ्यायला!"

साहेबांनी खिशातून वही काढली. ती त्यांची शेवटची खिंड होती. "उजवे एकशे ऐंशी," ते वाचू लागले. "डावे एकशे एकोणऐंशी. म्हणजे एक कागद मुळातच कमी होता. तो मी हरवलेला नाही. तो या पसाऱ्याने खाल्ला. आणि नाव एकाच कागदावर लिहायचं, ही कुठली रीत? चूक तुमच्याकडचीच आहे. आता सगळ्या मुलांना परत बोलवा आणि नीट मापं घ्या."

यातलं नावाचं खरं होतं, आणि ते खरं आहे हे तिला पटत होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला. सगळ्या मुलांना परत बोलवा! कुणी बस बदलत बदलत दिवसभराचा प्रवास करून येतं, कुणाची आई कामावर खाडा करते. आणि जुन्या रेघा? पोर परत येईल, पण त्याचा दोन वर्षांपूर्वीचा पाय थोडाच परत येणार होता?

"एकालाही बोलवायचं नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मला ही खोली द्या. उद्या संध्याकाळपर्यंत. जमिनीसकट."

"जमिनीसकट म्हणजे?"

"म्हणजे बूट काढून आत यायचं आणि कागदावर पाय द्यायचा नाही."

"आणि तो एक कमी आहे त्याचं काय? तो तुमच्या चुकीने गेला असला तर?"

"तर मी आपल्या पायांनी काउंटरवर जाऊन बसेन," ती म्हणाली. "पण आधी बाकीचे. ते तुमच्याकडचे आहेत."

तिने निळी फाइल जमिनीवर उलटी केली.

फरशी म्हणून दिसेनाशी झाली. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पायच पाय, जणू शाळा सुटली आणि पोरं नुसती पावलं मागे ठेवून पळाली. टेबल मोकळं करायला निघालेल्या माणसाने आख्खी खोली भरवून ठेवली होती. काकांनी मान डोलावली. "आता कसं घरच्यासारखं वाटतंय."

काही डावे तिने बघताक्षणी ओळखले. हा हट्टी अंगठा अमक्याचा, ही वळलेली करंगळी तमकीची. पन्नासएक तसे लागले. मग तिची गाडी अडली. ती गुडघ्यांवर बसून एका डाव्या पायाकडे बघत राहिली, आणि तिला त्याच्या काठावर एक तपकिरी अर्धगोल दिसला.

कपाचा डाग. अर्धाच.

ती उठली नाही, गुडघ्यांवरच सरकत लाल फाइलीशी गेली. चाळू लागली. विसाव्या-बाविसाव्या कागदाच्या काठावर तसलाच अर्धगोल, फिका, एका जागी ओघळलेला. तिने दोन्ही कडा बोटभर चढवल्या. गोल पूर्ण झाला.

"काका! चहा!"

"आत्ता? दहाच मिनिटांपूर्वी..."

"प्यायला नाही हो. बघा!"

दुपारपर्यंत चहाने तीस जोड्या लावून दिल्या. काकांच्या तेलकट अंगठ्याने नऊ. एकदा शाई सांडली होती, तिने चार. ज्या घाणीबद्दल तिने नऊ वर्षं बोलणी खाल्ली होती, ती आता एकेका पोराचा हात धरून त्याला घरी पोचवत होती. पण जे कागद स्वच्छ होते, ते मुके होते. त्यांच्यापुढे ती थांबली. एक डावा कागद उचलून तिने सहज खिडकीच्या उजेडात धरला, आणि काठावर उजेडाचे बारीक ठिपके उमटले.

टाचणीची भोकं. दर चार महिन्यांनी एकदा काढलेली, पुन्हा मारलेली. एक टाचणी, दोन भोकं. आत एक, बाहेर एक. आणि जशी डाव्याला तशीच उजव्याला.

"दोन कागद एकावर एक धरून ठिपके जुळवायचे," ती स्वतःशीच बोलली. "पण डोळ्यांनी फार वेळ लागेल."

"अंतर मोजलं तर?"

तिने वळून पाहिलं. फूटपट्टीसाहेब दारात उभे होते. बूट काढलेले, हातात ती लोखंडी पट्टी. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, आणि तो झाकायला त्यांनी दुसरा पाय वर ठेवला होता, बगळ्यासारखा.

"दोन भोकांमधलं अंतर," ते म्हणाले. "टाचणी दर वेळी थोडी वेगळी लागते. मोजून लिहिलं तर लवकर जुळतील. मला... मोजता येतं."

काकांनी मोज्याकडे पाहिलं. "या ना, साहेब, आत या. अंगठा आधीच आलाय."

साहेब लाल झाले, पण आले. कागद चुकवत, एकेक पाऊल टाकत. आणि खरं ते खरं, माणूस मोजण्यात पक्का होता. ते उजेडात कागद धरत, पट्टी लावत, आकडा पुटपुटत. "साडेअकरा. मग सात. मग पुन्हा साडेअकरा." ती दुसऱ्या ढिगातून तसा शोधी. संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांशी आकड्यांपलीकडे एक शब्द बोलली नाहीत, आणि जोड्या मात्र पटापट लागत गेल्या.

मंगळवारी दुपारी तीन वाजता खोलीत एकशे एकोणऐंशी मुलं दोन्ही पायांवर उभी होती. आणि मधोमध एकच उजवा कागद, एकटा.

तिने त्यावरचं नाव वाचलं. बडबडीचं नाव होतं.

काका म्हणाले, "चामडं आज कापलं तरच गुरुवारी होईल, पोरी."

"हाच तो कमी असलेला," साहेब म्हणाले. या वेळी आवाजात टोमणा नव्हता, पण सुटकाही नव्हती. "कुठे आहे डावा?"

पसाराताईने डोळे मिटले. शुक्रवार. पुसट टाच. पिशवी. लस, दवाखान्यातली रांग, चिमणीचं रडणं, तिचं कढत अंग मांडीवर. शनिवार-रविवार तिला कागदाची आठवणच झाली नव्हती. तिने घरी फोन लावला.

"आई, बाळाच्या पिशवीत एक कागद होता..."

"तो पायाचा? पिशवीत चुरगळेल म्हणून मीच चिमणीच्या गादीखाली सरळ ठेवला होता," सासूबाई म्हणाल्या. "पण अगं, आज सकाळी तिने गादी उचलली."

"आणि?"

"आणि तिला तिचा रंगीत खडू सापडला. आणते मी. तोवर रडू नकोस."

अर्ध्या तासात सासूबाई कडेवर चिमणी आणि हातात कागद घेऊन हजर झाल्या. जमिनीवरचं दृश्य बघून त्या क्षणभर थांबल्या, तोंडाने फक्त "अगं बाई" म्हणाल्या आणि चपला काढून भिंतीकडेने आत आल्या.

कागदावर लाल खडूचं वादळ होतं. गोल, फराटे, एके ठिकाणी नुसताच टोचून काढलेला राग. काकांनी तो खिडकीत धरला, लांब केला, जवळ आणला.

"टाच?" त्यांनी विचारलं.

"इथून आत वळते. ही लाल रेघ नाही, तिच्या खालची. अशी," पसाराताईने पेन्सिल घेतली आणि न थांबता, न मोजता रेघ ठळक केली. हात जराही हलला नाही. बाजूची भोकं उजव्याच्या भोकांवर ठेवली. ती नेमकी जुळली.

"झालं," काका म्हणाले. "मी चामडं घेतो." आणि आत गेले.

साहेबांनी वही उघडली. फार हळू उघडली. "तुम्ही म्हणाला होता..."

"म्हणाले होते."

"तुमची चूक निघाली तर काउंटरवर बसेन, असं."

"निघाली," ती म्हणाली. "मी टाचणी काढली. काढायला नको होती. जोडी फोडून एक पाय घरी नेला आणि विसरले. ही चूक माझी, मी ती कुणाच्याही गळ्यात घालत नाही." मग तिने काचेची बाटली उचलली आणि त्यांच्यासमोर धरली. टाचण्या खुळखुळल्या. सासूबाईंच्या कडेवरून चिमणीने त्या आवाजाला हात पुढे केला. "मी एक टाचणी काढली तर मी काउंटरवर. तुम्ही एकशे एकोणऐंशी काढल्यात, साहेब. तुम्ही कुठे बसणार?"

आतली कात्री थांबली. काउंटरच्या बाईंनी तोंडावर पदर घेतला. साहेबांनी बाटलीकडे पाहिलं, जमिनीवरच्या जोड्यांकडे पाहिलं, ज्यातल्या ऐंशीएक त्यांच्या पट्टीने लावल्या होत्या, आणि मग स्वतःच्या उघड्या अंगठ्याकडे.

"नाव दोन्ही कागदांवर लिहायचं," ते शेवटी म्हणाले.

"लिहीन. ते तुमचं बरोबर आहे. आजपासूनच लिहिते."

"आणि टेबल?"

"टेबल माझं आहे. मला आवरता येत नाही. मी खूप प्रयत्न केला, नाही आलं, आणि कदाचित कधी येणारही नाही. पण यातला कुठला पाय कुणाचा, हे मला येतं. काउंटरवर मी जाणार नाही. काढून टाकायचं तर कामावरून काढा, आणि बडबडीला गुरुवारी तुम्हीच सांगा."

साहेबांनी वही मिटली. बाटली त्यांनी तिच्या हातातून घेतली, खाली बसले, आणि जवळच्या जोडीला टाचणी मारू लागले. पहिली वाकडी बसली. तिने ती काढून पुन्हा, जुन्याच भोकांतून मारली आणि दुसऱ्या कागदावर नाव लिहिलं. मग पुढची. चिमणीला सासूबाईंनी भिंतीशी उभं केलं होतं, आणि ती भिंतीला धरून, आजीच्या धाकाने, एकाही कागदावर पाय न देता, चक्क चार पावलं सरकली.

गुरुवारी बडबडी बाबांच्या पाठीवरून आली आणि त्यांच्या पुढे चालत गेली. जाताना तिने पसाराताईला बजावलं, "शाळेपर्यंत कुणी उचललं ना, तर मी चावणार आहे."

शनिवारी पुन्हा पाहणी होती. फूटपट्टीसाहेब वही घेऊन फिरले. काकांचं पाहिलं, काउंटर पाहिलं. मग मधल्या खोलीत आले. टेबल गडप झालं होतं. जोड्या काठावरून लोंबत होत्या, लवकर येणारी मुलं खिडकीकडे, उशिरा येणारी भिंतीकडे, प्रत्येक कागदावर नाव, डाव्यावरही. मधे एक लाळेरं. पसाराताई त्या सगळ्यावर दोन्ही कोपरं रोवून बसली होती आणि सरळ त्यांच्याकडे बघत होती. तिने एकही कागद हलवला नाही.

साहेब टेबलाशी थांबले. एका हातात वही, दुसऱ्या हातात चहाचा कप. लिहायला हात मोकळा हवा होता, म्हणून ते कप ठेवायला जागा शोधू लागले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"कुठेही ठेवा, साहेब," ती म्हणाली. "फक्त दोन्ही कागदांवर मिळून ठेवा."